चिमटाबाई आणि कोरड्या पायऱ्या

आमच्या इस्पितळात सगळ्यांत जास्त शिव्या कुणी खाल्ल्या असतील तर चिमटाबाईनं, आणि सगळ्यांत जास्त कुणी दिल्या असतील तर त्याही तिनंच. एकतीस वर्षं ती सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसर होती. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारी, पू काढणारी, पट्ट्या बांधणारी. डॉक्टर तासभर कापतात आणि हात धुवायला जातात; पुढचे चाळीस दिवस पेशंट ड्रेसरच्या तावडीत असतो. माझी एक्स-रेची खोली आणि तिची ड्रेसिंगची खोली यांच्यामध्ये फळ्यांची एक पातळ भिंत होती, त्यामुळे मला मुद्दाम कान लावावे लागत नसत. लागले असते तर लावले असते, ते सोडा.

"ओरडू नकोस. ओरडायचं ते बोट यंत्रात घालताना ओरडायचं होतंस."

"बाई, जरा हळू..."

"हळूच करतेय. घाई केली असती तर एव्हाना तू घरी गेला असतास. नाहीतर वर."

हे रोज सकाळी नऊ ते दुपारी दोन. बाई दिसायला बुटकी, रुंद. नाकावर चष्मा आणि चष्म्याच्याही वर राग. हातात वीतभर लांबीचा स्टीलचा चिमटा. तो ती कापूस धरायला वापरायची, तसाच बोलताना समोरच्यावर रोखायलाही. म्हणून ते नाव. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं.

तिची दोन वेडं होती. पहिलं टाक्यांचं. मळलेली, चेंगरलेली जखम कुणी लगेच शिवून टाकली की बाईच्या अंगाची लाहीलाही व्हायची. नव्या डॉक्टरांना ती पहिल्याच दिवशी ऐकवायची, "घाण आत कोंडून वर टीप मारू नका. जखम म्हणजे उशीचा अभ्रा नाही. उघडी ठेवा, धुवा, चौथ्या-पाचव्या दिवशी लाल झाली, स्वच्छ दिसली की मग शिवा. तोवर तुमची सुई खिशात." दुसरं वेड निळ्या पेनाचं. जखमेभोवती लाली दिसली की ती बॉलपेननं लालीच्या कडेनं सरळ पेशंटच्या कातडीवर रेघ ओढायची आणि बाजूला वेळ लिहायची. तासाभरानं येऊन बघायची: लाली रेघेच्या आत आहे की बाहेर पडली. आत असली तर ती पुटपुटायची, "मर तिथंच." बाहेर पडली असली तर डॉक्टर कुठंही असो, जेवत असो नाहीतर संडासात असो, दार वाजलंच म्हणून समजा.

आता घरचं सांगतो. ते जास्त चविष्ट आहे.

चिमटाबाईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजी म्हणत. इतका गरीब माणूस, की बंद पडलेल्या घड्याळालाही "माफ करा हं" म्हणून उघडायचा. वरच्या मजल्यावर ही दोघं राहत आणि जिन्याच्या पायथ्याशी, खालच्या खोलीत, घड्याळजीची थोरली बहीण. ती शिवणकाम शिकवायची, म्हणून शिवणबाई. उंच, काटकुळी, जिभेला सुईपेक्षा जास्त टोक. पायानं चालवायचं जुनं मशीन. उजवा पाय पायट्यावर पडला की गल्लीत दुसरं काही ऐकू येत नसे. तिच्या हाताखाली दोन पिढ्या काज करायला शिकल्या आणि दोन्ही पिढ्या तिला घाबरायच्या.

भावजय घरात आली त्या आठवड्यातच शिवणबाईनं तिचा चहाचा कप वेगळा काढला. "दिवसभर लोकांचा पू पुसते. त्या हातांचं आम्हाला नको." चिमटाबाईनं त्याची परतफेड अशी केली: खाली शिवणाचा वर्ग भरला की ती जिन्यात उभी राहायची आणि आज कुणाच्या मांडीतून काय काय निघालं, किती वाट्या निघालं, त्याचा रंग कसा होता, हे मोठ्यानं नवऱ्याला सांगायची. दोन मुलींनी वर्ग सोडला. एकीनं डाळ खायचं सोडलं.

पण कायमचं फाटलं ते एका पोलक्यामुळं. घड्याळजीनं मध्यस्थी करून बहिणीकडून बायकोला कामावर घालायचं पोलकं शिवून घेतलं. शिवणबाईनं शिवलं, आणि दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच मुद्दाम कमी ठेवलं. निदान चिमटाबाईचं म्हणणं तसं. भर वॉर्डात, एका जाड्या माणसाला कुशीवर वळवताना ते पाठीतून टर्रर्र करून उसवलं. बावीस खाटा आणि एक राउंड बघत होता.

"माप बरोबर होतं. तुझी बायको सुटलीय," शिवणबाई भावाला म्हणाली.

"तुमच्या बहिणीला सांगा, मी फाडते ते बरं होतं, त्या शिवतात ते उसवतं," चिमटाबाई नवऱ्याला म्हणाली.

तेव्हापासून एकोणीस वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणजे भांडल्या भरपूर, पण घड्याळजीच्या मार्फत. तिघंही एकाच खोलीत उभी असली तरी. "तुझ्या बायकोला सांग." "तुमच्या बहिणीला सांगा." आणि हा बापडा मधे उभा राहून दोन्हीकडे मान वळवायचा, लंबकासारखा.

रोजचा एक कार्यक्रमही ठरलेला होता. चिमटाबाई ड्युटी संपवून सव्वादोनला जिना चढली की मागून शिवणबाई बाहेर यायची आणि खालच्या सात पायऱ्यांवर फिनेलच्या पाण्याची बादली ओतायची. इस्पितळाची घाण धुवायला. एकोणीस वर्षांत सुट्टी नाही. चिमटाबाई ते पाणी ऐकल्याशिवाय वरचं दार उघडत नसे. पाणी पडलं की तिथूनच ओरडायची, "अहो, फिनेल पातळ झालंय म्हणावं."

आणि एका सोमवारी पाणी पडलंच नाही.

चिमटाबाई वरच्या पायरीवर थांबली. खाली बघितलं. पायऱ्या कोरड्या. शिवणबाईच्या दाराशी बादली, तीही कोरडी. मशीनचा आवाज नाही. बाई आधी खूश झाली, हे मला तिनंच सांगितलं. वर गेली, चहा टाकला, अर्धा प्यायली. मग तो चहा तिला गोड लागेना.

"तुमच्या बहिणीला काय झालंय?"

घड्याळजी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच म्हणाला, "आक्कानं सांगू नको म्हटलंय. तुला सांगितलं तर तिचं मेलेलं तोंड बघेन म्हणाली."

"मग सांगू नका. नुसती मान हलवा. ताप?"

मान हलली.

"पडल्या?"

आडवी हलली.

"काही लागलं? हाताला? पायाला?"

पायाला उभी हलली.

"टाके घातले?"

मान जरा जास्तच जोरात हलली आणि भिंग खाली पडलं.

झालं होतं असं. शनिवारी संध्याकाळी शिवणबाई मशीनचं बिडाचं स्टँड कुणाला हात लावू न देता एकटीच सरकवत होती. ते उंबऱ्यावरून घसरलं, मोरीच्या चिखलात आपटलं आणि त्याच्या कडेनं तिच्या उजव्या नडगीवर वीतभर चीर पडली. चिखलासकट. गल्लीतला डॉक्टर आला. तो म्हणाला, मळलेली जखम आहे, इस्पितळात जा. शिवणबाई म्हणाली, "त्या इस्पितळाचं नाव माझ्यासमोर काढू नका. तिथं आमच्याकडची एक आहे. तुम्हीच शिवा. आणि जवळ जवळ घाला, माझ्या अंगावर मी वाकडी शिलाई घेऊन फिरणार नाही." त्यानं वरवर धुतली आणि चौदा टाके घातले. बाईनं ते मोजले, दोन टाक्यांमधलं अंतर बघितलं आणि नवव्या टाक्याला नावं ठेवली. रविवारी त्यावर जाड मोजा चढवून, लंगडत, तिनं पायऱ्यांवर बादली ओतलीदेखील.

चिमटाबाई खाली उतरली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या खोलीच्या आत गेली. घड्याळजी मागोमाग.

शिवणबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे. पण नजर शाबूत.

"बाळ्या, हिला कुणी बोलावलं?"

"तुमच्या बहिणीला सांगा, मोजा काढा."

"तुझ्या बायकोला सांग, तमाशा बघायला तिकीट लागतं."

चिमटाबाईनं खिशातून कात्री काढली आणि मोजा वरून खालपर्यंत उभा कापला. शिवणबाईनं शिवी दिली. ती मी लिहीत नाही, पण शिवणकाम शिकवणाऱ्या बाईला ती कुठून माहीत होती याचं मला आजही कुतूहल आहे.

पाय फुगून चकाकत होता. टाके कातडीत रुतले होते. लाली घोट्यापासून वर चढलेली, तिच्या मधोमध जांभळट डाग, आणि एका डागावर पाणी भरलेला फोड. चिमटाबाईनं लालीच्याही पलीकडे, जिथं कातडी अगदी साधी दिसत होती, तिथं एका बोटानं नुसतं टेकवलं. शिवणबाई किंचाळली.

हे चिमटाबाईला मुळीच आवडलं नाही. जखमेपाशी दुखणं समजतं. जिथं काही दिसत नाही तिथं एवढं दुखतंय, म्हणजे रोग कातडीच्या खालून धावतोय, आणि वरची लाली त्याच्या मागं राहिलीय. तिनं पेन काढलं, रेघ ओढली आणि लिहिलं: ३.२०.

"माझ्या अंगावर लिहितेय ती! बाळ्या, मी काय फळा आहे?"

"त्यांना म्हणावं, इस्पितळात चला. आत्ता."

"मेले तरी त्या इस्पितळात जाणार नाही."

"ठीक आहे. मग त्यांना सांगा, इथं मेल्या तर शेवटची पट्टी मीच बांधणार. सवडीनं. या हातांनी."

शिवणबाईनं दोन क्षण त्या हातांकडे बघितलं.

"बाळ्या," ती म्हणाली, "उठव मला."

इस्पितळात त्या दिवशी ड्युटीवर होते ते नवे सर्जन. आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचो. कोट असा कडक, की बसले तर मोडेल म्हणून बरेचदा उभेच राहत. आठवडाभरापूर्वीच चिमटाबाईनं सहा विद्यार्थ्यांसमोर त्यांचा एक टाका उपसून दाखवला होता, "हे असं करायचं नाही, बघून ठेवा" म्हणून. ते ती गोष्ट विसरले नव्हते.

त्यांनी पाय बघितला. टाके बघितले. "शिवलंय तर छान. वरवरची सूज आहे. सलाइनमधून अँटिबायोटिक चालू करा. सकाळी राउंडला बघू."

"बघा, शिकलेला माणूस," शिवणबाई म्हणाली.

"सकाळपर्यंत थांबता यायचं नाही," चिमटाबाई म्हणाली. "हे खालून धावतंय. टाके काढून आत बघा."

"डॉक्टर, ही माझी भावजय आहे," शिवणबाई खाटेवरून म्हणाली. "एकोणीस वर्षं माझ्या वाईटावर आहे. ह्याच पायानं मी मशीन चालवते. तो कापायला मिळावा म्हणून टपून बसलीय. वाटलं तर भावाला विचारा."

इस्त्रीसाहेबांनी घड्याळजीकडे बघितलं. घड्याळजीनं सवयीनं आधी इकडे मान वळवली, मग तिकडे.

"असं आहे होय," साहेब हसले. "मग बाई, या केसमध्ये तुमचं मत मला घेता येणार नाही. घरचं भांडण घरी."

गंमत बघा. एकतीस वर्षं तोंड सोडून कमावलेली बाईची पत नेमकी त्या दिवशी कामी आली नाही. तिनं आयुष्यभर जे बोलून ठेवलं होतं ते सगळं तिच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं. एरवी तिनं साहेबांच्या कोटाची घडी मोडली असती. त्या दिवशी मला भिंतीपलीकडून एक शब्द ऐकू आला नाही, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

तिनं खाटेपाशी स्टूल ओढलं आणि बसली. पावणेपाचला लाली पहिल्या रेघेच्या दोन बोटं पुढं गेली होती. तिनं दुसरी रेघ ओढली. सव्वापाचला तिसरी. तिसरी रेघ गुडघ्याच्या खाली चार बोटांवर होती. जांभळे डाग काळसर झाले होते. आणि शिवणबाईनं कण्हणं थांबवलं होतं.

"दुखत नाही आता," ती म्हणाली. "बधिर झाल्यासारखं वाटतंय. बरं वाटतंय."

मग तिनं मान वळवली, थेट चिमटाबाईकडे बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "दमलीस गं, बाळ. चहा घेतलास का? माझ्या कपातून घे."

चिमटाबाई ताडकन उठली. स्टूल पडलं. ती धावत साहेबांच्या खोलीत शिरली. ही बाई धावताना इस्पितळात कुणी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे तिच्यामागून अर्धा वॉर्ड आणि मी.

"साहेब, चला. पेशंट हातची जातेय."

"आता काय झालं?"

"माझ्याशी गोड बोलल्या."

साहेबांना हसू फुटलं. "अहो, मग चांगलंच आहे की."

"चांगलं? साहेब, एकोणीस वर्षांत त्या मला 'तू' म्हणाल्या नाहीत, भिंतीला म्हणाल्या. स्वतःचा कप देतायत मला! डोकं ठिकाणावर नाहीये त्यांचं. विष डोक्यापर्यंत गेलंय."

"मी सकाळी बघणार म्हणून सांगितलंय."

"बरं," बाई म्हणाली. "मग मी माझं काम करते. टाके काढायला ड्रेसरला कुणाला विचारावं लागत नाही."

आणि परत गेली. साहेब मागून ओरडत आले, "हात लावायचा नाही! मी लेखी देईन!" तोपर्यंत तिनं हातमोजे चढवून चिमट्यानं पहिला टाका उचलला होता. कात्री. दुसरा. कात्री. तिसरा. जखमेची तोंडं आपोआप सुटली. आतून पू आला नाही. पू आला असता तर बरं झालं असतं, असं बाई म्हणते. आलं ते पातळ, राखाडी पाणी, भांडी विसळल्यासारखं, आणि त्याचा वास. माझ्या मागं उभा असलेला वॉर्डबॉय न सांगता बाहेर गेला. रक्ताचा थेंब नाही.

"बोट घाला," बाई साहेबांना म्हणाली. "तुमचंच. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

इस्त्रीसाहेबांनी हातमोजा चढवला आणि बोट घातलं. चांगल्या अंगात कातडीखालची चरबी आणि तिच्या खालचं पापुद्र्यासारखं आवरण घट्ट चिकटलेलं असतं; बोट अडतं. त्यांचं बोट अडलं नाही. ओल्या कागदातून जावं तसं सरळ वर सरकत गेलं. त्यांचा चेहरा त्यांच्या कोटाच्या रंगाचा झाला.

पण एक मानतो मी त्या माणसाला. वेळ घालवला नाही. "थिएटर तयार करा," ते म्हणाले. "रक्ताची सोय करा. हे सडलेलं सगळं काढावं लागेल. गुडघ्याच्या वर गेलं असेल तर पाय ठेवता येणार नाही."

तोपर्यंत दोन बाटल्या सलाइन आत गेलं होतं आणि शिवणबाई शुद्धीवर आली. शुद्धीवर आली म्हणजे शिव्या सुरू झाल्या. साहेबांनी संमतीचा कागद तिच्यापुढं धरला आणि जे होतं ते स्पष्ट सांगितलं: जिवाला धोका आहे, पायही जाऊ शकतो. शिवणबाईनं कागद बाजूला सारला.

"माझा पाय मशीनवर पाहिजे मला. नसेल तर मला इथंच मरू द्या."

घड्याळजी रडायला लागला. भावाची सही चालली असती, पण तो पेन हातात घेऊन एकदा बहिणीकडे बघत होता, एकदा बायकोकडे. तेव्हा चिमटाबाई पुढं झाली, आणि मधल्या माणसाला ओलांडून बोलली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"वन्सं, सही करा."

शिवणबाईनं मान वर केली.

"तुझं ऐकून?"

"माझं ऐकून नका करू. मी तुमची शत्रू आहे. पण शत्रूला तरी खोटं बोलायचं कारण काय? तुम्ही मेलात तर माझ्या पायऱ्या कोरड्या राहतील, मला सुखच आहे. इथं बसून वाट बघितली असती तरी चाललं असतं. दोन तासांचं काम होतं."

शिवणबाईनं बाजूला सारलेला कागद पुन्हा पुढं ओढला. मग साहेबांना म्हणाली, "ही आत असेल तर सही करते."

"का?" साहेबांना आश्चर्य वाटलं.

"पाय गेला तर कुणाच्या नावानं बोटं मोडायची ते मला नक्की ठाऊक पाहिजे."

आणि सही केली. वळणदार, सरळ रेषेत. खाली घड्याळजीनंही केली. ती कुणाला वाचता आली नाही.

आतलं मी बघितलं नाही. थिएटरच्या सिस्टरनं सांगितलेलं सांगतो, आणि ती माझ्यासारखी वाढवून सांगणारी नव्हती. चिमटाबाईनं पाय धरला होता. साहेब कापत होते. मेलेली चरबी, दोऱ्या-दोऱ्यांसारखं राखाडी आवरण, सगळं कापून तसराळ्यात. साहेब जरा थांबले की बाई म्हणायची, "रक्त येत नाहीये. अजून."

"सर्जन मी आहे."

"मग कापा."

पहिली रेघ गेली. दुसरी गेली. तिसरी रेघही कापून बाजूला पडली. गुडघ्याच्या खाली तीन बोटांवर चाकू टेकला आणि लालभडक रक्त आलं. साहेबांनी खालच्या स्नायूला चिमट्यानं टोचलं, तो आखडला. जिवंत होता. सिस्टर म्हणते, त्या क्षणी चिमटाबाईनं इतकंच म्हटलं, "हं, मर तिथंच." ते रोगाला होतं की नणंदेला, ते सिस्टरला कळलं नाही.

जखम उघडीच ठेवली. नडगीपासून पोटरीपर्यंत कातडी नाहीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत नेऊन बघितलं, घोट्यापाशी थोडं आणखी कापलं. चौथ्या दिवशी पुन्हा. ते शेवटचं.

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सगळ्यांत करमणुकीचे सहा आठवडे. रोज सकाळी भिंतीपलीकडं ड्रेसिंग.

"हळू, कसाबिणी!"

"पाय हलवू नका, वन्सं. हलवायचाच होता तर स्टँड पडताना हलवायचा."

"पट्टी सैल आहे."

"सैल नाही. तुम्हाला अर्धा इंच कमी ठेवायची सवय आहे म्हणून वाटतंय."

"ते पोलकं बरोबर होतं!"

"बरोबर होतं तर उसवलं कसं?"

"तू सुटली होतीस!"

बघितलंत ना? "तुझ्या बायकोला सांग" गेलं होतं. घड्याळजी डबा घेऊन यायचा, दोघींच्या मधे उभा राहायचा, मान वळवायची तयारी ठेवायचा आणि कुणीही त्याला काही सांगायचं नाही. एकोणीस वर्षांची त्याची नोकरी गेली होती. बरेचदा तो माझ्या खोलीत येऊन बसायचा.

इस्त्रीसाहेबांनी चिमटाबाईला खरोखरच लेखी दिलं: विनापरवानगी टाके काढल्याबद्दल खुलासा करावा. बाईनं एका ओळीत खुलासा केला: "टाके काढणे हे ड्रेसरचे काम आहे, घालणाऱ्याने घालताना विचार करावा." दोघं त्यानंतर कधी नीट बोलले नाहीत. पण महिनाभरानं त्यांच्या त्या पांढऱ्याशुभ्र कोटाच्या खिशाला एक निळा डाग दिसला. पेन गळलं होतं. कुणी विचारलं तर ते विषय बदलायचे.

जखम लाल, मऊ दाणेदार झाली तेव्हा शिवणबाईच्या मांडीवरची पातळ कातडी सोलून, तिला जाळीसारख्या चिरा पाडून, ती पायावर पसरली. पाचव्या दिवशी पट्टी उघडली. कातडी धरली होती. साहेब खूश, विद्यार्थी खूश. शिवणबाईनं चष्मा लावला, वाकून बघितलं.

"हा जोड कुणी दिलाय?"

"मी," साहेब म्हणाले.

"तिरका आहे."

चिमटाबाई एकतीस वर्षांत त्या खोलीत मोठ्यानं हसली ती तेव्हाच. मग लगेच हसू आवरून म्हणाली, "तिरकाच बरा. पाय घरी घेऊन चाललात, तेवढं पुरे."

सत्तेचाळिसाव्या दिवशी शिवणबाई काठी टेकत घरी गेली. चिमटाबाईनं तिला बजावून ठेवलं होतं: पाय उंच ठेवायचा, पंधरा दिवस उभं राहायचं नाही, वजन उचलायचं नाही, मशीनला तर हात नाही नि पाय नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो. घड्याळ दाखवायचं निमित्त होतं. घड्याळ चांगलं चालत होतं. सव्वादोन वाजले. चिमटाबाई आली, खालच्या बंद दाराकडे न बघता जिना चढली आणि वरच्या पायरीवर, दाराशी, थांबली. हात कडीवर. घड्याळजी दाराबाहेरच्या गॅलरीतून बघत होता, मी त्याच्या मागून.

आत काठीचा ठकठक आवाज झाला. दार उघडलं. शिवणबाई एका पायावर तोल सांभाळत उभी. बादली उचलणं तिला शक्य नव्हतं. तिच्या हातात तांब्या होता. तिनं तो नेम धरून ओतला. दोन पायऱ्या जेमतेम भिजल्या. फिनेलचा वास वरपर्यंत आला.

चिमटाबाई वळली.

"वन्सं! पाय उंच ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?"

"तू मला शिकवू नकोस."

"सात पायऱ्या आहेत. दोनच भिजल्या."

"उरलेल्या उद्या."

"उद्या उभ्या दिसलात तर पट्टीऐवजी प्लास्टर घालीन. गुडघ्यापासून."

"घालून बघ! आणि ऐक, ते फिनेल पातळ नाहीये!"

खालचं दार धाडकन लागलं. मागोमाग वरचं लागलं, आणि मी आणि घड्याळजी बाहेरच राहिलो. थोड्या वेळानं खालून, नको म्हणून सांगितलेलं असताना, मशीनचा पायटा एकदा हलला. एकदाच. वरून चिमटाबाई ओरडली, "ऐकू येतंय मला!"

पायटा थांबला. मग, अगदी हळू, मुद्दाम, पुन्हा एकदा हलला.